सहा मशीनं आणि उघडं झाकण

सोमवार, ४ मार्च

मी काही केलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी मानणार नाही.

वाचनालयातले सहाही कॉम्प्युटर आज एकदम बंद पडले. पडद्यावर एकच रडगाणं — परवाना नाही, पुढे जाता येणार नाही. आत सगळे प्रोग्रॅम चोरीचे भरलेले, कधी ना कधी पकडले जाणारच. पण ग्रंथपाल बाई थेट माझ्याकडे वळल्या. "तुझंच काम." गेल्या महिन्यात मी गमतीत या कॉम्प्युटरांच्या पडद्यांवरचं चित्र उलटं केलं होतं, त्याचं फळ आज मिळालं.

वाचनालयाचे अध्यक्ष आले. म्हणजे आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. मला दोन वर्षं मागच्या बाकावर उभं ठेवणारे. "रविवारी समितीची बैठक आहे. तोपर्यंत नाही चालले तर भंगारात."

वीस तारखेला वहिनीची टायपिंगची परीक्षा. सराव इथेच करते. घरी काय टेबलावर बोटं आपटणार?

मंगळवार, ५ मार्च

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो, सगळे त्याला दाढी म्हणतात. त्याने एक पेनड्राइव्ह हातावर ठेवला. लागणारे सगळे प्रोग्रॅम यात आहेत, फुकटचे, सहाही मशीनवर टाक, परवान्याची भानगड नाही.

"फुकट? काहीतरी काळंबेरं असणार."

"अरे, याचं झाकणच उघडं आहे, काळंबेरं लपणार कुठे? प्रोग्रॅम आत कसा लिहिलाय ते बघ, हवं ते बदल, चार जणांना वाट. फक्त तू वाटशील त्याचंही झाकण उघडं ठेवायचं."

जन्मभर मार खाल्ला तो वस्तू उघडल्याबद्दल. घड्याळ, मिक्सर, बाबांचा रेडिओ. आणि इथे उघड म्हणतायत! कुणीतरी कुठेतरी बसून हे बनवतं आणि ओळख ना पाळख, मला देऊन टाकतं. का? डोक्यातून जातच नाही.

बुधवार, ६ मार्च

एक मशीन चाललं. बाई मागे उभ्या होत्या, चोरावर नजर ठेवावी तशा.

गुरुवार, ७ मार्च

वहिनीला बसवलं. दहा मिनिटांत उठली. "भाऊजी, हे इंग्रजीत काय धमक्या देतंय?"

दाढीने दाखवलं — प्रोग्रॅमची सगळी वाक्यं एका फायलीत, रांगेत उभी. मी मराठी लिहीत सुटलो. साठवू का? पुसू का? वहिनी बसली ती दोन तास हलली नाही.

मग हात शिवशिवले. संध्याकाळी दादा तिला न्यायला येतो. त्याचं कपाळ हल्ली मागे मागे चाललंय. खास त्याच्यासाठी एक वाक्य बदललं. लिहिलेलं न साठवता बंद करायला गेलं की येतं — "पळतोस कुठे, टकल्या?"

वहिनी पोट धरून हसली. दादा नाही हसला.

शनिवार, ९ मार्च

सहाही चालू. पहिल्याची नक्कल बाकी पाचांवर टाकली. तरी एका जागी बसवत नाही. काहीतरी राहिलंय.

रविवार, १० मार्च

नक्कल! टकल्यासकट नक्कल.

हे आठवलं तेव्हा मास्तर चौथ्या मशीनवर बसलेले, समिती मागे. चार ओळी टाइप केल्या, बंद करायला गेले. वर ट्यूबलाइट, तिच्याखाली चकाकणारं टक्कल, आणि पडद्यावर ते.

बाईंनी डोळे मिटले.

"कुणी लिहिलं?"

मी उभा राहिलो. सवयीने.

"आता हे काढायला कंपनीला कळवायचं?"

"कंपनी नाही, सर. कुणालाही बदलता येतं."

"कुणालाही? मलाही?"

"तुम्हालाही."

"दाखव."

तासभर दाखवलं. एका शब्दाने रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटतेय. निर्णय उद्या कळेल म्हणाले, खोलीची किल्ली मागून घेतली आणि एकटेच बसून राहिले. वहिनी धड जेवली नाही.

सोमवार, ११ मार्च

खोलीला कुलूप नव्हतं. मास्तरही नव्हते. चौथं मशीन चालू. दोन शब्द टाइप केले, न साठवता बंद करायला गेलो.

"मागच्या बाकावरच्या, खाली बस. किल्ली ड्रॉवरमध्ये आहे. आजपासून ही खोली तू सांभाळायची. — टकल्या"