हात बसेपर्यंत

३ फेब्रुवारी

अखेर नोकरी लागली. सायखेड्याजवळचं द्राक्षांचं पॅकहाऊस, पद गुणवत्ता निरीक्षक. आज पहिला दिवस होता आणि तो चांगला गेला. हॉल स्वच्छ, उजेड भरपूर, चहा दोनदा.

अंबडच्या कारखान्यात मी चार वर्षं इंजिनाचे सुटे भाग मोजले. ते युनिट परराज्यात हललं. त्यानंतर एकतीस अर्ज, नऊ मुलाखती. औषधांच्या कंपनीत म्हणाले, अनुभव आहे, पण आमच्या लाइनचा नाही. बाकीच्यांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. इथले मॅनेजर हिरामणभाऊ हसून म्हणाले, मॅडम, लोखंड गप बसतं, मणी बसत नाही. पंधरा दिवस बायकांबरोबर टेबलावर काम करा. हात बसला तर नोकरी पक्की, नाही तर रामराम.

मनमाडला फोन केला. पप्पा रेल्वेत सांधेवाले होते. त्यांचं म्हणणं, रूळ बदलताना गाडी हळूच घ्यायची असते.

४ फेब्रुवारी

काम असं. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर पांढरी भुकटी असते; बोट लागलं की ठसा उमटतो आणि मालाचा दर्जा उतरतो. कात्रीने खराब मणी काढायचे आणि प्लास्टिकच्या डबीत पाचशे ग्रॅम भरायचे. शेजारी विमलाबाई आहेत, सायखेड्याच्याच, अकरा हंगाम झालेल्या. त्या काट्याकडे बघतही नाहीत. त्यांच्या वीस डब्या तपासल्या: ५०० ते ५०४. माझ्या: ४६१ ते ५५०.

मी व्हर्नियर काढून मण्याचा व्यास मोजला तेव्हा अख्खं टेबल हसलं. आता माझं नाव मायक्रॉनबाई. विमलाबाई म्हणाल्या, लय मोजू नको गं, हात बसंल आपोआप.

६ फेब्रुवारी

मला मिळालेली कात्री बोथट आहे. क्रेट ठेवायला कोल्ड रूममध्ये गेले तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर एक कात्री दिसली. कडीला हिरवा दोरा गुंडाळलेला, धार उत्तम. घेतली.

विमलाबाईंनी विचारलं, कुठनं घेतली. आतल्या खिळ्यावरून, म्हटलं. त्यांनी हातातला घड खाली ठेवला. इथे कात्री हातातून हातात देत नाहीत. काम सोडणारी बाई आपली कात्री टेबलावर ठेवून जाते, मग पुढची ती उचलते. त्या म्हणाल्या, तिनं ठेवली नव्हती. कोणी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडे अकरा दिवस उरलेत.

दुपारनंतरच्या डब्या: ४९८ ते ५०६.

८ फेब्रुवारी

साठ डब्या. सगळ्या ५०२. साठच्या साठ.

मोजमापात असं होत नाही, थोडा तरी फरक पडतोच. काटा प्रमाणित वजनं ठेवून तपासला, बरोबर आहे. हिरामणभाऊ म्हणाले, मॅडम, आता पक्कंच समजा. मला बरं वाटायला हवं होतं.

एक नोंद करून ठेवते. काम चालू असताना मी हाताकडे बघत नव्हते. खिडकीतून बाहेरचा ट्रक बघत होते. कात्री चालूच होती.

११ फेब्रुवारी

उजवा हात गार लागतो. मालाच्या तापमापकाने मोजला, तीनदा. डावा तळवा ३२.६. उजवा ९.२. हॉल १८ अंशांवर असतो. हॉलपेक्षा गार हात असू शकत नाही.

सातपूरच्या एका प्रयोगशाळेतून फोन आला. शनिवारी, १५ तारखेला मुलाखत, सोबत प्रात्यक्षिक. मोजमापाचं काम. माझं काम. होकार दिला.

खोलीवर येऊन सरावासाठी मायक्रोमीटर घेतला. उजव्या बोटांना तो धरता येईना. घडाच्या देठासारखा धरला, दोन बोटांत, लटकता. डाव्या हाताला अजून आठवतंय.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत विमलाबाईंना सरळ विचारलं. त्यांनी भाकरी बाजूला ठेवून सांगितलं.

मोहिनी. गेल्या हंगामातली. डोळे मिटून पाचशे भरायची. तिला नाशिकला दवाखान्यात नोकरी लागली होती. द्राक्षात जन्म घालवायचा नाय, म्हणायची. जायच्या दिवशी कात्री टेबलावर ठेवायची म्हणून खिळ्यावरून काढायला आत गेली. दार आतून उघडलं नाही. मशीनच्या आवाजात हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. सकाळी सापडली तेव्हा कात्री खिळ्यावरच होती, उजवा हात हँडलवर. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

हँडल आता नवं बसवलंय, म्हणाल्या. मग भाकरी पुन्हा उचलून, हात बसतो म्हंजी काय वाटलं तुला? कुणाचा तरी बसतो.

जायाचं नाय

१३ फेब्रुवारी

वरच्या नोंदीखालची शेवटची ओळ मी लिहिलेली नाही. शाई माझी आहे. अक्षर — नाही.

आज कात्री टेबलावर सोडून निघाले. गाडीत बसल्यावर ती हातात होती.

विमलाबाई म्हणाल्या, जिथनं घेतली तिथंच ठेव. डाव्या हातानं. मी दाराशी उभी राहते. उद्या चारला.

१४ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय, वही ॲप्रनच्या खिशात होती. कोल्ड रूम. चार वाजून अकरा मिनिटं.

दारात क्रेट अडकवून आत आले. कात्री खिळ्यावर ठेवली. उजव्या हाताने क्रेट सरकवला आणि दार ओढलं. मी नाही. मी निघाले होते —

हँडल चांगलं आहे. फिरतं. विमलाबाई बाहेरून जोर लावतायत, नाव घेऊन हाक मारतायत. आतून धरलंय म्हणून उघडत नाही. धरणारा हात माझा आहे.

बोटं एकेक करून सोडवतेय. करंगळी सुटली. परत बसली.

४.१९. खोली २ अंश. हाताचे किती ते —

उद्या मुलाखत. मायक्रोमीटर आधी शून्यावर. टोकाची रॅचेटची घुंडी तीन वेळा फिरवायची. मला येतं. डाव्या हाताने करीन. त्यांना सांगेन की —

सुटला. आपणहून. पण दार ढकलत नाहीये, इकडे — वहीवर — पेन

हात बसला हाय. आता कुटं जाय —