फलकावरची शेपटी

४ नोव्हेंबर १९५४
मिरवणुकीचा फलक रंगवायचं काम आपल्याच दुकानाला! मालक मात्र फणफणलेत. म्हणे, "पस्तीस वर्षं मी 'युद्धविराम दिन' रंगवतोय. अकराव्या महिन्यात, अकरा तारखेला, अकराच्या ठोक्याला तोफा थांबल्या, त्याचा हा दिवस. आता सरकार म्हणतं 'माजी सैनिकांचा दिन'! मी नाही चालणार." पहिल्या महायुद्धातले तेच एकटे उरलेत गावात. ते नसले तर पुढे कोण चालणार?

५ नोव्हेंबर
मी अमेरिकन फौजेतून कोरियाच्या टेकड्यांवर लढलो हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. आधी कुठे होतास विचारलं की लाकडाच्या वखारीत होतो म्हणून सांगतो. नाहीतर लगेच — "जिंकलात का रे?" काय सांगायचं! वर्षातलं हे चौथं काम. आईचं घर सोडल्यापासून चौथं गाव. पाय ठरतच नाही.

६ नोव्हेंबर
बारा फूट फलक एकट्याने रंगवला. झकास!

८ नोव्हेंबर
कसला झकास! मिरवणूक समितीच्या मिसेस टिबेट्स आल्या नि किंचाळल्याच. 'व्हेटरन्स' म्हणजे माजी सैनिक; त्यातल्या शेवटच्या 'एस'आधी मी वरती स्वल्पविरामासारखी एक शेपटी काढलीय — शोभेला! "अरे शहाण्या, त्या शेपटीने दिवस एकाच सैनिकाचा झाला! बाकीचे काय हवेत विरले?" मालक हसता हसता शिडीवरून पडायचे राहिले. "राहू दे बाई, माझाच दिवस!" तिसरीत शाळा सोडली, त्याची फळं.

९ नोव्हेंबर
शेपटी खरवडत होतो. मालक पुटपुटले, "म्हणे सगळ्यांचा दिवस. कोरियाची पोरं तर तोंडसुद्धा दाखवत नाहीत."
माझ्या तोंडातून निघूनच गेलं — "मी दाखवतोय की रोज! आमचाही युद्धविरामच झाला, मालक. गेल्या वर्षी जुलैत. इथे कुणी घंटासुद्धा वाजवली नाही."
मालकांनी ब्रश खाली ठेवला. हळूच म्हणाले, "गोळीबार थांबल्यावर पहिलं काय केलंस?"
"बूट काढले."
"मीपण!" म्हातारा असा हसला! डोळे पुसत हसला.

१० नोव्हेंबर
मालक चालणार! पण अट — मी शेजारी हवा.
"गणवेश विकला मी."
"मग शर्ट घाल. रंग न सांडलेला."
तसा एकही नाही!

११ नोव्हेंबर
चाललो. सरळ पुढे बघत. चौकात गर्दीतून एक जण उतरला, माझ्या बाजूला येऊन पावलात पाऊल टाकायला लागला. बघतो तर वॉल्ट — रोज सकाळी दुकानात दूध टाकणारा! पुढेच बघत म्हणाला, "सरक रे जरा. कुठल्या टेकडीवर होतास तू?"