सतरावी नोंद

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण संध्याकाळी मला माझा प्रकल्प अहवाल पाठवायचा आहे आणि त्यातली एक नोंद काढून टाका, असं गाईड म्हणतात. मी काढणार नाही. का, ते तुम्हीच ऐकायला हवं.

मंदीत माझी दुबईतली नोकरी गेली, तेव्हा मी दूरशिक्षणाने प्राणी कल्याणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. तेव्हा तुम्ही होतात, पण तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. तुमचा जावई मिलिंद म्हणाला, "इथे माणसांचे हाल चाललेत आणि तू मांजरांचं शिकणार?" पण माणसांचे हाल होते म्हणूनच तर मांजरं उघड्यावर आली होती. आमच्या अल मनखूल भागातली कुटुंबं आठवड्याभरात गाशा गुंडाळत होती आणि पाळलेलं जनावर जिन्यात सोडून विमानतळ गाठत होती. अशा जनावरांच्या नोंदी हाच माझा प्रकल्प.

मागच्या इमारतीचा वॉचमन बशीर मला फोन करायचा. "मॅडम, तीन सौ चार भी गया. घर खलास, सामान खलास. बिल्ली इधरीच."

ती सतरावी. पांढरी, लांब केसांची, दिसायला चांगली गुबगुबीत. मी लांबूनच पाहिलं, 'अंगाने बरी' असं लिहिलं आणि बशीरकडे खाणं देऊन निघाले. चौथ्या दिवशी ती मेली. उचलली तेव्हा हाताला नुसते केस आणि मणके लागले.

बशीर म्हणाला, "खाती नहीं थी. मैंने सोचा, मॅडम तो देख के गयी है."

डायरीत मी 'घाईत होते' असं लिहिलं. मग खोडलं. नोकरी नसलेल्या बाईला कसली घाई? ती फिसकारली आणि मी हात लावायला घाबरले, एवढंच.

आणि मला हात लावून तपासायला शिकवलं कुणी होतं? तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यासमोर धनगरांच्या मेंढ्या यायच्या, तेव्हा तुम्हीच माझा हात धरून लोकरीत खुपसायचात. "वरून सगळ्याच धडधाकट दिसतात, वसू. बोटं आत घाल, कणा शोध." मी नऊ वर्षांची होते. मग बारावीनंतर पशुवैद्यकीयच्या फॉर्मवर सही का नाही केलीत? "मुलींना झेपत नाही ते. कॉमर्स घे." नऊ वर्षांच्या हातांना झेपत होतं ना, अण्णा?

गाईडचं म्हणणं, ही नोंद ठेवली तर परीक्षक बाकीच्या नोंदींवरही शंका घेतील. घेऊ देत. आणखी नऊ जनावरं मी नुसत्या नजरेने तपासली होती. त्या नऊ नोंदींपुढेही मी आज तसं लिहिलंय. इरा म्हणाली, "आई, जस्ट डिलीट इट. हू विल नो?"

मला माहीत आहे ना. आणि बशीरला.

नापास करतील कदाचित. मिलिंद 'सांगितलं होतं' म्हणेल. तुम्ही असतात तर तुम्हीही म्हणाला असतात. म्हणा. सतराव्या नोंदीपुढे 'हात लावला नाही' हे शब्द आहेत, खाली माझी सही आहे, आणि ते तसंच जाईल. परत पाठवलं, तर त्याच इमारतींचे जिने मी पुन्हा चढेन आणि तिथे जे जनावर असेल त्याच्या केसांत बोटं घालून कणा शोधेन. बोचकारलं तरी.

हा शब्द मी तुम्हाला देतेय. या वेळी सही तुमची लागणार नाही.

तुमचीच, तुमचं न ऐकणारी,
वसू