अंगणातले ब्लॉक आणि धाकट्याची खोली

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा पेव्हर ब्लॉक पाडणे व बसवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्या कामावर पाणसळ ठेवून सपाटी पाहावी.

१. घराची राहती मागची बाजू व बँकेतली शिल्लक बायकोची. तिने कोणाला विचारत बसू नये.

२. साचे, पाणसळ, रबरी हातोडे व ठोकणीचे मशीन मुलीला. मला कोणी शिकवले नाही. चुकलेले ब्लॉक उपसून उपसून शिकलो. तिचा हात माझ्याहून सरळ आहे.

३. पुढच्या अंगणात मी कोबा न घालता ब्लॉक बसवले. कारणे लिहून ठेवतो. ब्लॉक एकमेकांत अडकतात, एकावरचा भार शेजारचे वाटून घेतात. बसवल्या दिवशी वापर सुरू. फटींतून पाणी जिरते. खालचा पाइप फुटला तर तेवढेच ब्लॉक उचलावेत, काम झाले की तेच परत बसवावेत. मात्र फटींत बारीक वाळूच हवी. हे धाकट्या भावाला तीनदा सांगितले होते.

४. मी बाहेरगावी असताना त्याने आपल्या खोलीसमोरच्या फटींत पातळ सिमेंट ओतले. आल्यावर म्हणतो, "बघ दादा, आता कसं पक्कं झालं!" महिन्याभरात पाइप फुटला. प्लंबरने पहार घातली, एक ब्लॉक सुटा निघेना. एकशे बारा ब्लॉक फोडले. भाऊ जमलेल्या लोकांना म्हणाला, "दादाचं काम असंच. वरून देखणं, आत भुसा." आणि तिथे कोबा ओतून मोकळा झाला.

५. त्याची खोली माझ्या मालकीची आहे. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत त्याने स्वतःच्या हाताने, मजूर न लावता, तो कोबा फोडून ब्लॉक बसवावेत. फट तीन मिलिमीटर, आत वाळू. तपासणी मुलगी करील. तिने पास केले तर खोली त्याची. नाही तर खोली मुलीची, व त्याने आठ दिवसांत बिऱ्हाड हलवावे.

मुलगी म्हणाली, "बाबा, काकांना केवढा अपमान वाटेल!"

"वाटू दे. म्हणूनच तुझं नाव घातलंय."

बायको म्हणाली, "अहो, सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणून नव्वद दिवस. परक्याला नऊ दिले असते."

६. माझ्या हयातीत त्याने हे काम केले तर हा कागद मी स्वतः फाडीन. तसे त्याला काल तोंडावर सांगितले. संध्याकाळी एकशे बारा नवे ब्लॉक व वाळूचे पोते त्याच्या दाराशी नेऊन ठेवले. आज सकाळी तो बाहेर आला, पोत्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली, आणि कामावर गेला.

सबब सही करत आहे.

ठिकाण : राहते घर, मागची बाजू
दिनांक : ११ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

(सही) लिहून ठेवणार

आमच्या डोळ्यांदेखत सही केली :
१. (सही) प्लंबर. कलम ४ मधले भावाचे बोलणे मी स्वतः ऐकले आहे.
२. (सही) कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले