टेकडीवरचं काटेझाड

बोस्टन, ४ मे

प्रिय सॉर्खा,

मी बरा आहे. गोदीतलं काम जड असलं तरी पोटभर जेवतो, असं आईला सांग. तिचा खोकला कसा आहे? खरं लिही.

ड्रोहन आपल्या टेकडीवरचं काटेझाड तोडणार आहे, त्याला सावध करू का, असं तू विचारलंस. करू नकोस. त्या झाडाला कुऱ्हाड लावणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत मरण येतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रोहन शहरातून आलेला, त्याला ते माहीत नाही. खोटी साक्ष देऊन त्यानं टेकडी बळकावली आणि मी निघालो तेव्हा म्हणाला, "जा फेलिम, तुझ्या टेकडीतल्या भुतांना मी चारा घालीन." त्याच महिन्यात बाबा गेले.

त्या झाडाखाली राहणाऱ्यांना भुतं नाही, भली माणसं म्हणायचं असतं, नाहीतर ती रागावतात. हेही त्याला शिकवू नकोस.

तो कुऱ्हाड मागायला आला तर बाबांची दे. आधी धार लावून ठेव.

त्याची धाकटी लेक रोज तुझ्याकडे ताक प्यायला येते, असं तू लिहिलं होतंस. यापुढे तिच्याबद्दल मला काही लिहू नकोस.

आईला आणि तुला देव सांभाळो.

तुझा भाऊ,
फेलिम