लोटूकाकांच्या वाट्याचा रोट

तर लोटूकाकांच्या वाट्याचा रोट या क्षणी माझ्या तोंडात आहे आणि तो सगळ्यांत कडक निघाला आहे. गिळेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

ती. दादा, तुम्हाला आणि मायला नमस्कार करायचा विसरलो नाही, तोंड मोकळं नव्हतं. आम्ही दोघं खुशाल आहोत. मायचा गुडघा कसा आहे? तापीला पाणी किती? जैनाबादची नाव चालू आहे का?

तुमच्या पत्रातला लोटूकाकांचा निरोप वाचला. श्रीकांत विलायतेत कानबाई मांडतो, म्हणजे त्याने चूल वेगळी केली. यंदा बऱ्हाणपुरात त्याची मूठ धरू नये. (मागल्या भिंतीच्या भांडणापासून काका आपल्याशी बोलत नाहीत, पण निरोप पाठवतात.) कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, एवढाच माझा त्या घरातला उपयोग उरला होता. तोही जाणार म्हटल्यावर मला दोन दिवस गिरणीत एकही माग दुरुस्त करता आला नाही. नुसता स्पॅनर धरून उभा होतो.

हा निरोप मी मंगलाला मोठ्याने वाचून दाखवला, ही माझी चूक. ती तेव्हा पीठ मोजायला बसली होती. (इथे गहू कोणी विकत नाही, पुड्यातलं पीठ मिळतं. देवी समजून घेईल.) मी म्हणालो, इथे पुरुष मी एकटा, माझी मूठ घाल आणि ऊठ. ती म्हणाली, "एकट्याची घातली की काका खरे ठरले. देवीसमोर वाटणी करता का?" आणि तिने नावं घेत मुठी टाकायला सुरुवात केली. तुम्ही, वसंत, देवरामभाऊ आणि त्यांची मुलं, पाळण्यातला गोटू. शेवटी जरा थांबून लोटूकाका. त्यांची मूठ तिने दाबून भरली.

रोटांची चळत रेडिओच्या वर गेली. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. ही रीत ज्याने घातली त्याच्या घरी माणसं होती.

त्यात यंदा अधिक श्रावणामुळे कानबाई नेमकी गिरण्यांच्या सुट्टीत आली. या सुट्टीत इथलं अख्खं गाव समुद्रावर जातं. धुराडी थंड, दुकानं बंद, कुत्रीसुद्धा मालकांबरोबर गेलेली. जाण्याआधी जत्रा भरते. कानबाई म्हणून मांडायचा नारळ मला तिथेच मिळाला. तो विकत नाहीत. काठ्यांवर नारळ मांडतात आणि चेंडू मारून पाडावा लागतो. म्हणजे कानबाई मी चेंडू मारून आणली आहे. (मार न लागलेला मागून घेतला. मायला यातलं काही सांगू नका.)

आज दुपारी शेजारच्या मिसेस हॅवर्थ धूर पाहून आल्या. म्हाताऱ्या, एकट्या, समुद्र त्यांना सोसत नाही, म्हणून गावात राहिलेल्या. हिवाळ्यात मंगला तापाने पडली होती तेव्हा महिनाभर आमची शेगडी यांनीच पेटवली, आणि आभार मानले की दार लावून घ्यायच्या. मी रीत समजावून सांगायला शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनी रोट मोडून वर मुरंबा लावून खाल्ला होता.

मी मंगलाकडे पाहिलं. आता काकांना काय सांगायचं? मंगला शांत होती. "रोट भाऊबंदांनीच खायचा ना?" ती म्हणाली. "खाल्ला त्यांनी. मग झाल्या भाऊबंद. फिर क्या." आणि तिने त्यांना दुसरा वाढला.

दादा, या गावात आमचं कोणी नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ती ओळ खोडून टाका. चळत आता रेडिओच्या खाली आहे आणि मी सुखात आहे. पोट तेवढं दुखतंय.

तुमचा,
श्रीकांत

ता.क. तिकडे माझी मूठ धरली का, तेवढं कळवा. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

ता.क. दुसरा. काकांना सांगा, त्यांची मूठ आम्ही इथे धरली. कडक लागली हे सांगू नका.

ता.क. तिसरा. पुढच्या वर्षी मिसेस हॅवर्थच्या घरचीही एक मूठ धरावी लागेल. त्यांच्या घरात पुरुष म्हणजे एक बोका आहे. चालेल का, मायला विचारा.

सोमवार, सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. आताच कानबाई बोळवून आलो. नदी नाही, गिरणीमागचा कालवा आहे. मंगलाच्या डोक्यावर कानबाईचा पाट, आणि पुढे मिसेस हॅवर्थ, चर्चला जायची टोपी घालून. पुलावर पोलिसाने हटकलं, पाण्यात काय टाकताय म्हणून. मी तोंड उघडण्याआधी त्या म्हणाल्या, "आमच्या घरचं आहे." तो बाजूला झाला.