तुमच्या पाटावर बसलेला माणूस

बाबा, लहानीची सोयरीक झाली. पोरगा मोताळ्याचा आहे, मोटारसायकली दुरुस्त करते, कोणतंच व्यसन नाही असं मोठेबाबा सांगतात. साखरपुड्याले मी नव्हतो. मी इकडं मोरबीले टाईलच्या कारखान्यात आहो. याच्या आधी सुरतेले होतो, त्याच्या आधी हैदराबादले. माय म्हणते, तुह्या पायाले भिंगरी बांधून पाठवला देवानं. सातवीतून शाळा सोडली तेव्हापासून कुठंच बूड टेकलं नाही, हे खरं आहे. आज भट्टी दुरुस्तीले बंद आहे, सगळे पोरं झोपले, म्हणून तुमाले लिहून राह्यलो.

परवा लहानीचा फोन आला होता. म्हणे, "भाऊ, एक विचारू? हासशील नाही नं?"

"विचार नं."

"माह्या सासूनं विचारलं, तुले बाप आठवते का म्हणून. मी म्हटलं, हो. मी त्यायच्या मांडीवर बसली होती, ते जेवून राह्यले होते, अन् मले बोटानं आमरस चाटवत होते. खांद्यावर नवा दुपट्टा होता. एवढंच आठवते. सासूच्या डोळ्यात पाणीच आलं. खरं हाये नं, भाऊ? का मी सपनात पाह्यलं?"

मी म्हटलं, थांब, मले मशीनवर बोलावून राह्यले. अन् फोन ठेवला. कोणीच बोलावत नव्हतं. बाबा, तो माणूस तुम्ही नव्हते.

तुमचं अन् तिचं खरं जे होतं ते मी पाह्यलं आहे. मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी सांजच्याले ती ओट्यावर येऊन उभी राहे. अडीच वर्षाची पोरगी, तिले वार कुठून समजत होता कोण जाणे. तुम्ही भाजी विकून आले अन् सायकल भिंतीले लावली की ती पहिले तुमच्या सदऱ्याच्या खिशात हात घाले, फुटाणे काढे, एक तुमच्या तोंडात कोंबे अन् बाकीचे स्वतः खाये. मग तुम्ही तिले रिकाम्या टोपल्यात बसवून टोपलं डोक्यावर घेत अन् अंगणभर ओरडत फिरत, "घ्या वो बाई, ताजं वांगं! देठासकट वांगं!" माय आतून म्हणे, "पोरीले इकाले काढलं काय?" तुम्ही म्हणत, "अवो, बाजारात कोणी घेतलंच नाही, वापस आणलं." अन् ती वरून तुमच्या कपाळावर दोन्ही हातानं थापट्या मारे, "नाई इकायची! मी नाई इकायची!"

मी दारात उभा राहून पाहत जाओ. माह्याशी तुम्ही तोंडानं कमी अन् हातानं जास्त बोलत. शाळेतून पळालो की पाठीवर तुमची पाचही बोटं उमटत. मले वाटे, या माणसाले एवढं हासता येते, मग माह्यापुढं काऊन नाही हासत? तेव्हा तिचा राग येत होता. आता वाटते, बरं झालं, निदान पाहायले तरी भेटलं.

मग दिवाळीनंतर तुमचे डोळे पिवळे झाले, अन् थंडी सरायच्या आधी तुम्ही गेले. लहानीले कोणी काही सांगितलं नाही. सांगून काय समजणार होतं? दर बाजाराले ती ओट्यावर जाऊन उभी राहे. अंधार पडला की माय तिले उचलून आत आणे, अन् ती हातपाय झाडे. पूर्ण उन्हाळा लागेपर्यंत हेच.

अक्षय तृतीया, आपली आखाजी आली. पहिल्या वर्षाची, म्हणून तुमच्या नावानं घागर भरली, पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं झालं. तुमच्या जागी पितर म्हणून जेवायले मोठेबाबानं लसूणवाल्या काकाले बोलावलं. बाजारात ते तुमच्या बाजूलेच पोतं टाकून बसत, तुमच्याच वयाचे, अंगाले वासही तोच, लसणाचा अन् ओल्या पोत्याचा. मायनं त्यायचे पाय धुतले, टिळा लावला, खांद्यावर नवा दुपट्टा टाकला. ते पाटावर बसले. मोठेबाबा लहानीले म्हणे, "हे पाह्य, तुये बाबा जेवाले आले. पाया पड."

असं सगळ्यांच्याच घरी म्हणतात. मोठे माणसं समजून म्हणतात, समजून ऐकतात. तिनं खरं धरलं.

ती जवळ गेली. अन् तिनं त्यायच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तिनं तोंडाकडं पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. मायनं पदर तोंडात धरला. काकाच्या हातात घास तसाच. पितरानं जेवताना बोलू नये असं मोठेबाबानं बजावलं होतं. त्यायनं फक्त आमरसात बोट बुडवलं अन् तिच्या तोंडात दिलं. ती सरळ मांडीवर चढून बसली. जेवण होईपर्यंत उतरली नाही, अन् तिथंच झोपली. जेवण झालं की पितराले उठून जावं लागते. पण ते उठेनातच. जागेवरच हात पुसला अन् उन्हं उतरेपर्यंत तसेच बसून राह्यले. मांडीले मुंग्या आल्या असतीन. मोठेबाबानं दोनदा खाकरून पाह्यलं. शेवटी मायनं पोरगी उचलली, तेव्हा ते लंगडत लंगडत गेले. दारात थांबून त्यायनं डोळे पुसले, ते मी पाह्यलं.

त्यानंतर लहानी बाजाराच्या दिवशी ओट्यावर गेली नाही. तिचे बाबा येऊन, जेवून गेले होते.

मी मायले फोन केला. विचारलं, "सांगून देऊ का तिले?"

माय म्हणे, "तिच्याजवळ बापाचं तेवढंच हाये. ते काढून घेशील, अन् देशील काय?"

"टोपल्याचं सांगीन. फुटाण्याचं सांगीन."

"ते तुह्यं हाये बाबू. तिले थोडी आठवते."

मग मी लहानीले फोन लावला. म्हटलं, "खरं हाये. तेच होते."

"अन् दुपट्टा?"

"नवाच होता. केसरी."

"पाह्य! मी म्हणत नव्हती?" असं म्हणून ती एवढी हासली की मलेच फोन कानापासून दूर धरावा लागला. बाबा, तुमची जागा मी लसूणवाल्या काकाले देऊन टाकली. ते अजून मोताळ्याच्या बाजारात बसतात, म्हातारे झाले. लग्न झाल्यावर लहानी त्यायच्याच जवळून लसूण घेईन, दोन रुपयासाठी भांडीन, अन् घरी जाईन. ते तिले ओळखतीन का, अन् ओळखलं तर बोलतीन का, याचाच मी दोन दिवस विचार करून राह्यलो.

हे पत्र लिहिलं खरं, पण टाकायले तुमचा पत्ता नाही, अन् घरी ठेवलं तर ती वाचीन. फाडूनच टाकतो. एक मात्र मायलेही माहीत नाही. त्या दिवशी पितराचं उरलेलं ताट गाईले घालायले मोठेबाबानं माह्या हातात दिलं होतं. अर्धी पोळी होती, वाटीच्या बुडाशी थोडा रस होता. मी नऊ वर्षाचा, मले सगळं समजत होतं, ताटावर जेवून गेलेला माणूस कोण होता हे चांगलं माहीत होतं. तरी मी गोठ्याच्या मागं बसलो, अन् तुमचं उष्टं समजून ते सगळं खाल्लं.